हळदीचे सेल, कुंकवाचे सेल

माझ्याकडे बॅटरी घेऊन येणारा प्रत्येक माणूस पहिलं वाक्य एकच बोलतो. "कल तक तो एकदम बढ़िया चल रही थी." मराठी माणूस असला तर हेच मराठीत बोलतो. एखादा गेला की शेजारीपाजारी सांगतात न, काल संध्याकाळी तर बसून पोहे खाल्ले हो त्यांनी, तसंच. फरक एवढाच, की मयताला आलेला माणूस "उद्यापर्यंत होईल का?" असं विचारत नाही.

तर माझं काम हेच, मेलेल्या बॅटऱ्या उठवणं. दुकान नाही, पाटी नाही. घराची मागची गॅलरी, एक टेबल, एक स्टूल आणि वाळूने भरलेली एक बादली. वाळू कशाला ते पुढे सांगतो. शाळेत मी गेलो होतो, नाही असं नाही, पण शाळेला ते फारसं आवडलं नाही. त्यामुळे आपल्या मराठी मंडळाच्या या अंकासाठी मी नुसता बोललो आहे, आणि सूनबाईंनी मोबाइलवर टाइप केलं आहे. जिथे वाक्य चांगलं लागेल तिथे ते त्यांचं समजा.

बाहेरच्या माणसाला वाटतं बॅटरी म्हणजे एक वस्तू. तसं नसतं. लॅपटॉपची असो, स्पीकरची असो, तो प्लास्टिकचा डबा नुसतं वरचं कापड. आत छोटे छोटे सेल असतात, एकाला एक जोडलेले. आता वरातीत सगळे तरुण आणि एक आजोबा असले, तर वरात कोणाच्या चालीने चालते? आजोबांच्या. तसंच सहा सेलांत पाच पहिलवान आणि एक मरतुकडा असला की पूर्ण बॅटरी मरतुकडी. कंपनी म्हणते फेका, नवीन घ्या. मी डबा उघडतो, मरतुकडा काढतो आणि त्याच्या जागी जोडीचा बसवतो. यातला 'जोडीचा' हा शब्दच सगळा धंदा आहे. म्हाताऱ्या पाचांत एक नवा तगडा बसवला तरी भांडण. म्हणून पुष्कळदा सहाच्या सहा बदलावे लागतात, आणि ते एकमेकांना शोभणारे पाहिजेत. पत्रिका जुळवण्यापेक्षा कठीण काम. पत्रिका नाही जुळली तरी नवरा-बायको निभावून नेतात. आमचंच बघा. सेल निभावत नाहीत.

जोडायचे कसे? सोल्डरिंग करायचं नाही, त्या गरमीने सेल आतून भाजतो. निकेलची पातळ पट्टी ठेवायची आणि विजेचा एक चिमटा काढायचा, टक्. त्याचं मशीन विकत मिळतं, पण मी घरी केलं, भंगारातल्या मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर काढून. पहिल्या दिवशी टक् केलं आणि शेजारच्या वहिनींचा मिक्सर बसला. दुसरं टक् केलं, पूर्ण गल्लीच्या दिव्यांनी डोळे मिचकावले. तिसऱ्या टकाच्या आधी वहिनी दारात. "दत्तूभाऊ, आमची चटणी वाटून होऊ द्या, मग काय ते शोध लावा." तेव्हापासून मी चटणीच्या वेळा सांभाळून काम करतो.

सुरुवातीला पुष्कळ उलटंसुलटं केलं. उलटं म्हणजे खरंच उलटं. भजनाला जाणाऱ्या एका बाईंचा हातात धरायचा बॅटरीचा पंखा आला होता. मी प्लस-मायनस उलटे जोडले. पंखा फिरला, मस्त फिरला, मी छाती फुगवून दिला. दुसऱ्या दिवशी बाई परत. "भैया, ये तो मेरी हवा पीछे वाली को दे रहा है!" मागे बसणारीशी त्यांचं आधीच पटत नव्हतं.

आणि वाळूची बादली. आमच्या इथे भैरवगढला कपड्यावर ठप्पे मारून छपाई करतात, तिथले एक चाचा मोबाइल घेऊन आले. मोबाइल पुरीसारखा फुगलेला. मी विचारलं, कधीपासून? म्हणे, पाच-सहा दिवस झाले, रोज रात्री सपाट करायला लाकडी ठप्प्यांच्या ढिगाखाली दाबून ठेवतो. "कपड़ा तो ऐसे ही सीधा होता है." आता ही लिथियमची बॅटरी फुगली की आत गॅस असतो. दाबली, टोचली की भडकते, आणि भडकली की पाण्याने सहजी विझत नाही. मी चाचांना म्हटलं, "बिलकुल घाबरू नका." पण हे मी रस्त्यावरून म्हटलं. मी कधी बाहेर पळालो ते माझं मलाच कळलं नाही. कुसुमने, म्हणजे माझ्या बायकोने, शांतपणे सांडशीने मोबाइल उचलला, कुंडीतल्या मातीत ठेवला आणि चाचांना पाणी विचारलं. मग मला आवाज दिला, "या आता आत, तुम्हालाही देते पाणी." दुसऱ्या दिवशी बादली आली.

आता माझी पद्धत सांगतो, कारण पुढचा सगळा लफडा तिच्यातूनच झाला.

जुन्या वस्तूंतून निघालेला सेल पुन्हा वापरायचा तर आधी त्याची परीक्षा घ्यायची. पूर्ण चार्ज करायचा, मग छोटा बल्ब लावून बघत बसायचं की किती वेळ जळतो. खूप जळला तर अव्वल. मधेच मान टाकली तर कामचलाऊ. लावल्याबरोबर विझला तर राम. हे कुठेतरी लिहून ठेवायला पाहिजे. पण माझं अक्षर मलाच वाचता येत नाही, आणि मार्कर पेनाचं टोपण मी नेहमी उघडं ठेवतो, तो वाळून जातो. म्हणून मी देवघराकडे वळलो. काडीने ओलं कुंकू लावायचं तो अव्वल. हळद लावली तो कामचलाऊ. काजळ लावलं तो गेलेला. आणि सगळे ठेवायचे कुसुमच्या जुन्या मसाल्याच्या डब्यात, वेगवेगळ्या वाट्यांत. लोक हसायचे, पण वर्षानुवर्षं एक चूक झाली नाही. ओळखीचे इंजिनिअर येऊन फोटो काढून गेले. मी फुगलो. फुगलेल्याचं काय होतं ते वर सांगितलंच.

दोन वर्षांपूर्वीची खंडेनवमी. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा असते, ज्याच्यावर पोट चालतं त्याची. दरवर्षी मी पक्कड, स्क्रू फिरवायचा पेचकस, मीटर पाटावर मांडून देतो आणि कुसुम पूजा करते. त्या वर्षी मी जिलेबी आणायला गेलो आणि तिथेच गप्पा मारत बसलो. परत येतो तर पूजा आटोपलेली. पाटावर पक्कड, पेचकस, मीटर, आणि मसाल्याचा डबा. उघडून बघतो तर एकेका सेलाला, माझ्या जुन्या खुणेवरच, हळद आणि वर कुंकू. सगळ्यांना! अव्वल, कामचलाऊ, गेलेले, सगळे सवाष्णींसारखे नटून बसलेले. शिवाय वाट्यांतून काढून पुन्हा एकत्र भरलेले.

मी म्हटलं, "अगं, हे काय केलंस?"

"काय केलं? पोट यांच्यावरच चालतं न? पकडीला कुंकू लावू आणि यांना उपाशी ठेवू?"

"अगं, पण मेलेल्यांनाही लावलंस!"

"मेलेले तुम्ही घरात ठेवता कशाला?"

नंतर तिनेच सांगितलं, "अहो, सगळे एकदा पुन्हा तपासून घ्या." मी म्हटलं, बघू. दिवाळी आली, फराळ आला, डबा तसाच. मला तर चेहऱ्यावरून कळतं, असंही मी तिला बोललो होतो.

दिवाळीनंतर गुरुजी आले.

धुंडिराज गुरुजी इथल्या क्षिप्रेच्या राम घाटावरचे तीर्थपुरोहित. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचं तर्पण, पिंड, संकल्प, सगळं त्यांच्याकडे, वडिलांच्या आधीपासून. घाटावर त्यांचं लाकडी तख्त, त्याच्यावर मोठी छत्री. आवाज असा होता की पलीकडच्या काठावरचा माणूस आपलं समजून आचमन करायचा. आणि त्याच गळ्याला कॅन्सर झाला. इंदूरला ऑपरेशन झालं, जीव वाचला, स्वरयंत्र गेलं.

डॉक्टरांनी एक मशीन दिलं. टॉर्चएवढं असतं, गळ्याला लावून बटण दाबायचं, ते घूं घूं करतं, आणि आपण तोंडाने शब्द हलवले की त्या घूंचे शब्द होतात. सगळं एकाच सुरात. भुंग्याने संस्कृत शिकावं तसं ऐकू येतं. पण गुरुजींनी आरशासमोर बसून महिनेच्या महिने सराव केला आणि पुन्हा तख्तावर जाऊन बसले. आणि चालू झाले. यात्रेकरू पहिल्यांदा दचकायचे, मग हात जोडायचे.

आता मशीनची बॅटरी दगा देत होती. कंपनीने ते मॉडेल बंद केलं होतं. नवीन मशीन मुलीने आणून दिलं होतं, पण ऑपरेशनच्या जागी गळा असा कडक झालाय की नवीनचा आवाज आत शिरतच नव्हता. जुन्याचीच जागा बसली होती.

मी म्हटलं, "गुरुजी, हे काम मी नाही करत. इमर्जन्सी लाइट बंद पडला तर माणूस मेणबत्ती लावतो. तुमचा आवाज बंद पडला तर मी काय लावू?"

गुरुजींनी मशीन गळ्याला लावलं. ते चार शब्द बोलले की मधेच मशीन घरघरायचं. "दत्तू. श्रीपाद म्हणतो. घरी बसा."

श्रीपाद त्यांचा पुतण्या. मुलगा वाईट नाही. सोबतच आला होता. तो म्हणाला, "दत्तूकाका, तुम्हीच सांगा यांना. थंडीत पाण्यात उभे राहतात, मशीन मधेच बंद पडतं, लोक एकमेकांकडे बघतात. मागे एका ठिकाणी पिंडाच्या वेळी बंद पडलं, पोरं हसली. मला नाही बघवत. मी करतोच आहे न सगळं?"

"कार्तिकी पौर्णिमा," गुरुजी म्हणाले. "त्या दिवशी. सकाळपासून. मशीन. नाही थांबलं. तर मी बसणार. थांबलं. तर तख्त तुझं."

श्रीपाद म्हणाला, "ठरलं?"

"ठरलं."

आणि दोघांनी माझ्याकडे बघितलं. आता 'नाही' कसं म्हणणार? आणि खरं सांगतो, मनात कुठेतरी गुदगुल्या झाल्या होत्या. घाटावर गुरुजी बोलणार, आणि आवाज कोणाचा? माझा!

बॅटरी उघडली. आत करंगळीच्या पेरांएवढे सहा सेल, तेही जुन्या जातीचे. लिथियमचे लावता येत नाहीत, त्याचा चार्जर वेगळा, मशीन जळालं असतं. या मापाचे जुन्या कॉर्डलेस फोनमध्ये असायचे. बाजारात नवीन मिळतात, पण वर पहिलवानाचं चित्र आणि आत हवा. माझ्या डब्यात कॉर्डलेसचे चांगले होते. होते म्हणजे, कुठेतरी होते.

सगळे तपासायला दोन-तीन दिवस लागले असते. वेळ होता. पण डोकं चाललं. मी विचार केला, सगळ्यांवर कुंकू आहे हे खरं, पण कुसुमचं कुंकू ताजं, लाल. माझं जुनं, फिकट. म्हणजे ज्याच्यावरचं कुंकू जरा मळकट दिसतं, त्याच्याखाली माझं कुंकू आहे. म्हणजे तो अव्वल. काय पण अक्कल! मी मळकट कुंकवाचे सहा शोधले, टक् टक् जोडले, टेप गुंडाळली. मीटर लावलं, सगळं ठणठणीत. आता मीटरचं असं आहे, ताजा चार्ज केलेला रोगट सेलही मीटरला भरलेला दिसतो. लग्नाच्या बैठकीत नातेवाईक म्हणतात न, काही काळजी करू नका, आम्ही आहोत. मांडव घालायची वेळ आली की गायब. हे मला माहीत आहे. दुसऱ्यांना शिकवतो मी हे.

गुरुजी घरी येऊन अर्धा तास बोलले. चहा प्यायले, श्रीपादला दोन गोष्टी ऐकवल्या, कुसुमच्या चिवड्याची तारीफ केली. मशीन घूं घूं एकदम मस्त. कुसुमने मला आत बोलावून हळूच विचारलं, "तपासले होते न?"

मी म्हटलं, "चेहऱ्यावरून कळतं."

कार्तिकी पौर्णिमेला मी नवीन कुडता घातला. कुसुमला म्हटलं, चल, आज घाटावर आपला आवाज ऐकायला. राम घाटावर पाय ठेवायला जागा नाही. पाण्यात माणसं, पायऱ्यांवर माणसं, द्रोणातले दिवे, ओले कपडे, गाई, पोलीस, सगळं. मी बरोबर गुरुजींच्या तख्ताजवळ पायरी पकडली. गुरुजी पहाटेपासून लागलेले होते. घूं घूं चालू. जवळ एक घाटावरचा फोटोवाला उभा होता, लखन, ओळखीचा. त्याला मी ऐकवत होतो, "सुन रहा है? बैटरी अपनी है." तो म्हणाला, "क्या बात है भिया!" श्रीपाद तख्ताच्या बाजूला दर्भ, तीळ, तांब्या सांभाळत होता आणि मधून मधून काकांकडे बघत होता. मला वाटलं, तो हरल्यामुळे बघतोय. आता कळतं, तो काळजीने बघत होता.

मग परभणीच्या एक आजी आल्या, दोन मोठे मुलगे बरोबर. यजमान वारले होते. हे गृहस्थ दरवर्षी गुरुजींकडे यायचे, ऑपरेशनच्या आधीपासून. आजी पहिल्यांदाच त्यांच्याशिवाय आलेल्या. श्रीपाद म्हणाला, "आजी, गर्दी आहे, इकडे या, मी सांगतो संकल्प."

आजी म्हणाल्या, "नाही बाळा. ह्यांचं नाव गुरुजींच्याच तोंडून यायला पाहिजे. हे तसंच सांगून गेलेत."

गुरुजी सरसावून बसले. मशीन लावलं. देश, काळ, क्षिप्रेचा काठ, सगळं सांगून झालं. मुलांच्या ओंजळीत पाणी, तीळ. गोत्र म्हटलं. आता नाव. गुरुजींनी श्वास घेतला, ओठ हलले, आणि घूं... घर्र... बंद.

पुन्हा बटण. काही नाही. गुरुजी तोंडाने नाव म्हणत आहेत, स्पष्ट दिसतंय, आणि आवाज नाही. आजी बघत आहेत. मुलांच्या बोटांतून पाणी गळून चाललंय. श्रीपादने तांब्या खाली ठेवला आणि हळूच उठला. गुरुजींनी त्याच्याकडे बघितलं आणि मशीन गळ्यावरून खाली घेतलं. तख्तावरून उठायला त्यांनी एक हात टेकला सुद्धा.

आणि कुसुमने मला ढकललं. नुसतं कोपराने नाही, ढकललं. मी थेट तख्तासमोर पाण्यात, नवीन कुडत्यासकट, गुडघ्यापर्यंत.

"गुरुजी, बसा! एक मिनिट बसा!" मी ओरडलो. मशीन घेतलं, मागची बॅटरी काढली, टेप फाडली. ओला अंगठा एका सेलावर फिरला, कुंकू निघालं, आणि कुंकवाखालून निघालं काजळ. मळकट का दिसत होतं ते कळलं. माझं जुनं कुंकू नव्हतंच ते. तो मेलेलाच होता. पहाटेपासून पाच जणांनी त्याला खांद्यावर घेऊन चालवलं होतं.

आता सेल कुठून आणू? तेवढ्यात लखनच्या कॅमेऱ्याचा फ्लॅश चमकला. त्या गोंधळात तो आमचाच फोटो काढत होता! फ्लॅशमध्ये त्याच जातीचे सेल असतात, मापाने मोठे, पण जात एक. मी म्हटलं, "लखन, फ्लैश खोल! सेल दे, सब के सब!"

"भिया, धंधे का टाइम है!"

कुसुम म्हणाली, "देते हो कि मैं निकालूँ?" तिने दिवाळीत याच लखनला चिवडा दिला होता. त्याने फ्लॅशमधले चार काढले आणि खिशातले दोन दिले.

सहा सेल मिळाले, पण ते मोठे, मशीनच्या पोटात जात नव्हते. बाहेरूनच जोडायचे. लखनच्या हातातला कोणाचा तरी छापलेला फोटो ओढला, त्याची नळी केली, त्यात सहा सेल एकामागे एक भरले, बासरी झाली. मशीन परत गुरुजींच्या हातात दिलं, त्यांनी गळ्याला लावलं. माझ्या खिशात नोटा नसल्या तरी वायर असते. एक वायर या टोकाला, एक त्या टोकाला, आणि दोन्ही टोकांना माझे दोन तळवे, गच्च दाबून. तळवे ढिले झाले की खेळ खलास. वायरींची दुसरी टोकं मशीनमध्ये जिथे बॅटरी टेकते तिथे टेकवून धरायची. त्याला तिसरा-चौथा हात कुठून आणू?

"श्रीपाद," मी म्हटलं, "इकडे ये. ही दोन टोकं इथे धर. हलवू नकोस."

श्रीपाद उभाच. ठरल्याप्रमाणे मशीन थांबलं होतं. तख्त त्याचं झालं होतं. त्याने वर बघितलं, आजींकडे. आजी त्याच्याकडे बघत नव्हत्याच, त्या गुरुजींच्या तोंडाकडे बघत होत्या, कान लावून. श्रीपाद गुडघ्यावर बसला, काकांच्या गळ्याशी हात नेला, आणि वायरी धरल्या.

घूंऽऽऽ!

असा आवाज निघाला की मागची गाय उठून उभी राहिली. मोठ्या सेलांत ताकद भरपूर. छोटे सेल थकून थकून आवाज देत होते, हे तर ताजे. गुरुजी स्वतः दचकले. मग त्यांनी यजमानांचं नाव घेतलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. सगळ्या पायरीला ऐकू गेलं. आजींनी पदर तोंडाला लावला. मुलांनी जेवढं उरलं होतं तेवढं पाणी सोडलं.

मला वाटलं, झालं, सुटलो. कुठलं काय! गुरुजींनी हाताने खूण केली, पुढचे. पुढचे आले. त्यांच्या मागे आणखी लाइन. मी गुडघाभर पाण्यात, दोन तळव्यांत ती बासरी धरून, पाय गारठलेले, आणि नेमकी नाकाला खाज. माशी पण तिथेच. कुसुम पायरीवर बसून हे सगळं बघत होती, पण नाक खाजवायला आली नाही. लांबून म्हणाली, "चेहऱ्यावरूनच कळतंय."

दोन संकल्पांच्या मधे जरा जागा झाली, तेव्हा गुरुजी माझ्याकडे वळले. आणि मग सुरू झाले. आमच्या पिढ्या काढल्या, माझी अक्कल काढली, माझ्या कुडत्यालाही सोडलं नाही. सगळं एका सुरात, संस्कृतच्याच चालीत. लांबून बघणाऱ्यांना वाटलं, काही खास मंत्र आहे. दोघा-चौघांनी तर हात जोडले. आणि मी काय करत होतो? दोन्ही तळवे गच्च दाबून उभा. ढिले केले असते तर शिव्या जागेवर बंद झाल्या असत्या. मनात आलं नाही असं नाही. आयुष्यात लोकांच्या पुष्कळ वस्तूंना करंट दिला, पण स्वतःला पडणाऱ्या शिव्यांना करंट द्यायची ती पहिलीच वेळ.

आजी अजून गेल्या नव्हत्या. त्या पदराआडून हसायला लागल्या. रडून लाल झालेलं नाक, आणि हसत होत्या. मुलांना म्हणाल्या, "ह्यांना पण असंच बोलायचे गुरुजी, दरवर्षी. पिंड वाकडा केला म्हणून."

तेवढ्यात जळगावकडचं एक कुटुंब आलं, घाईत. त्यांची गाडी चुकत होती. त्यांनी बघितलं, म्हातारे गुरुजी, गळ्याला मशीन, वायरी, पाण्यात एक येडा बासरी धरून. घरातला कर्ता माणूस वाकून श्रीपादला म्हणाला, "महाराज, तुम्हीच उरकून टाका न आमचं. तुम्ही तरुण आहात."

श्रीपादने काकांच्या गळ्याजवळचा हात हलवला नाही. अंगठ्याला वायरीची खूण पडली होती त्याच्या. म्हणाला, "माझे हात गुंतलेत. तख्तावर जे बसलेत, ते सांगतील."

गुरुजींनी एकदा त्याच्याकडे बघितलं. मग त्या माणसाला खूण करून समोर बसवलं, त्याच्या ओंजळीत पाणी घातलं, तीळ दिले आणि गळा साफ केल्यासारखी मान वर केली.

"गोत्र?" घूं करत विचारलं. आणि तो माणूस आठवेपर्यंत, मान न वळवता, "दत्तू. नाक नंतर. नीट धर."